आधी ऐकलं, मग पुसलं

१

त्या दिवशी रंगुबाईंचं पीठ मळून झालं, तवा तापला, पहिली भाकरी टम्म फुगली, तरी घरात महाराजांचा आवाज काही लागला नाही.

महाराज म्हणजे त्यांचे मालक, कीर्तनकार सिद्धू महाराज. जतच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला हा माणूस कुंडलला येऊन राहिला, थोडंफार रान केलं, आणि एकदा नारदाच्या गादीवर उभा राहिला तो पंचक्रोशीचा लाडका होऊनच खाली उतरला. त्यांना देवाज्ञा होऊन वर्ष भरत आलं होतं. पण ज्याचा आवाज हजारो कानांत शिरला, तो असा सहजासहजी जातोय होय? रोज सकाळी त्यांचा एकुलता लेक धनाजी कॉम्प्युटर लावायचा, वडिलांचं एखादं कीर्तन चालू करायचा, आणि रंगुबाई चुलीपुढं बसून ऐकायच्या. मधेच कुठंतरी उलथनं तव्यावर खणाखणा आपटायच्या. धनाजीला वाटायचं, आई ताल धरते.

त्या दिवशी धनाजी पडद्यापुढं नुसताच उभा होता. कीर्तनांचं फोल्डर मोकळं. यूट्यूबवरचं चॅनल उघडलं, तर तिथंही अंगण झाडून काढल्यासारखं. नाव तेवढं शिल्लक, आत एक कीर्तन नाही.

"आये," तो म्हणाला, "आबांचं काय बी ऱ्हायलं न्हाई गं."

रंगुबाई उठल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

धनाजीनं खोली बघितली. कपाट जागच्या जागी, महाराजांचा फेटा खुंटीला, कोपऱ्यात त्यांची पेटी. फक्त एक गोष्ट वावगी होती. कीबोर्ड टेबलावरून उतरवून खाली जमिनीवर, पाटावर मांडला होता, वायर ताणलेली, आणि माऊस त्याच्या डाव्या अंगाला. खिडकीतनं दिसू नये म्हणून चोर खाली बसला असणार, असं धनाजीनं ठरवून टाकलं.

मग त्यानं गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. आईनं नुसतं बघितलं.

"माळ असली की हात उचलत न्हाई," तो म्हणाला. "ज्यानं ह्ये केलंय त्याचं नाव कळू दे. आबांच्या पुण्यतिथीला, भरल्या मांडवात, गादीवरनं त्याचं नाव घेतो. मग घालीन माळ."

पुण्यतिथी आठवड्यावर आली होती.

२

सिद्धू महाराजांची कीर्तनं गाजली ती त्यांच्या दृष्टांतांनी. भक्तिज्ञान तर होतंच, पण उत्तरार्धाला ते कॉम्प्युटरात शिरायचे, आणि म्हातारी माणसंसुद्धा कान टवकारायची. "पासवर्ड म्हंजे गुरुमंत्र. कानात घ्यायचा, तोंडातनं काढायचा न्हाई." "अनोळखी लिंक म्हंजे तिकाटण्यावरचा नारळ. कुणीतरी ओवाळून टाकलेला असतोय, उचलू नगा." "अँटीव्हायरस म्हंजे दाराची लिंबू-मिरची. बांधा, पर दार बी लावा."

यातलं बरंच ते माधवनगरच्या अर्फा मोमीनकडून उचलायचे, आणि उचललं हे मांडवात सांगायचेही. अर्फाचा माधवनगरला कॉम्प्युटरचा क्लास होता आणि सांगलीच्या एका साप्ताहिकात घरगुती कॉम्प्युटरवर तिचं खुसखुशीत सदर यायचं. धनाजीनं फोन लावला तो तिलाच.

त्याचं निम्मं ऐकून झालं असेल, तोच तिनं विचारलं की हे कळल्यापासून कॉम्प्युटरवर काय काय केलंत. धनाजी म्हणाला, पुसलेलं परत आणायचं एक सॉफ्टवेअर सापडलंय, तेच आता उतरवून घेतोय.

"बंद करा. सरळ वायर ओढा," अर्फा म्हणाली. "दादा, पुसलं म्हणजे जाळलं नव्हे. घरावरची पाटी काढली, घर आहे तिथंच आहे. पण तुम्ही त्याच जागेवर नवीन सामान रचायला लागलात, तर घर पडलंच म्हणून समजा."

दुपारी ती स्कूटरवरून कुंडलला आली. पाटावरचा कीबोर्ड तिनं बराच वेळ बघितला, त्याला हात लावला नाही. मग विचारलं, काल घरी कोण कोण आलं होतं.

धनाजी काल दिवसभर सांगलीला होता. रंगुबाईंनी सांगितलं की पुण्यतिथीच्या कामानं तिघं येऊन गेले. पुतण्या जयराज महाराजांच्या चिपळ्या न्यायला आला होता. स्पीकरवाला अश्फाक मांडवाची मापं घ्यायला आला होता. आणि पाटणहून महाराजांचे जुने पेटीवाले नाथाजी आले होते, खोलीतली पेटी वाजते का बघायला. तिघंही खोलीत गेले. आपण परसात होतो.

"आणि पासवर्ड?" अर्फानं विचारलं.

धनाजीला एवढ्या रागातही थोडं हसू आलं. पासवर्ड महाराजांनीच ठेवला होता. कुणी विचारलं, पासवर्ड काय हाय, की घरातल्यांनी सांगायचं, "सांगायचा न्हाई." ऐकणारा ओशाळून गप्प बसायचा. पण पासवर्ड खरोखर तोच होता. इंग्रजी अक्षरांत, एका दमात: सांगायचान्हाई. चुकीचा टाकला तर पडद्यावर खूण यायची, तीही महाराजांनीच लिहिलेली: 'आईला विचार.'

अर्फा खळखळून हसली, आणि मग एकाएकी थांबली. "म्हणजे ज्यानं कुणी उघडलं त्यानं ती खूण वाचली, आणि मावशींना येऊन विचारलं. मावशी, काल तुम्हाला..."

"मला कुणी इचारलं न्हाई," रंगुबाई म्हणाल्या.

प्रश्न अजून पुरा झाला नव्हता. अर्फानं मान हलवली, कॉम्प्युटरची डिस्क काढून पिशवीत घातली आणि निघाली. दारात मात्र ती धनाजीला हळूच म्हणाली, "दादा, तिघांना भेटा. पण हात उचलायच्या आधी मला फोन करा."

३

धनाजीचा पहिला संशय जयराजवर होता, आणि तो आजचा नव्हता. चुलत्याच्या पायाशी बसून जयराज कीर्तन शिकला, आता स्वतःच फेटा बांधून हिंडत होता. बोलणं पुस्तकी झालं होतं. महाराज गेल्यावर सुतक फिटायच्या आधीच त्यानं चॅनल आपल्या नावावर मागितलं होतं. धनाजीनं दिलं नाही. न मिळालेली वस्तू मोडून टाकणारी माणसं असतात, ती धनाजीनं पाहिली होती.

विट्याजवळच्या एका गावात जयराजचं कीर्तन होतं. तिथं देवळाच्या ओवरीत त्याला गाठून धनाजीनं थेट गळपट्टीच धरली.

जयराजनं चॅनल गेल्याचं ऐकलं आणि त्याचं तोंडच उतरलं. आधी धनाजीला ते सोंग वाटलं. मग जयराज खाली बसला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, मग मी उद्या बोलू काय?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. जयराजची एवढी वाहवा व्हायची, ती सगळी चुलत्याच्या पुण्याईवर. गाडीत बसून तो महाराजांचं कीर्तन ऐकायचा आणि संध्याकाळी तेच, शब्दांना इस्त्री करून, लोकांना ऐकवायचा. पुढच्या आख्ख्या महिन्याच्या तारखा त्यानं घेतल्या होत्या, आणि स्वतःचं म्हणावं असं त्याच्याजवळ चार वाक्यं नव्हती. पासवर्डही त्यानं कधीकाळी काकूंना विचारला होता. त्यांनी तोडून टाकलं, सांगायचा न्हाई म्हणून. तेव्हापासून विचारायची छाती झाली नव्हती.

"मी माझ्याच पोटावर पाय देईन का?" तो म्हणाला.

ज्या फांदीवर बसायचं ती कापण्याइतका जयराज खुळा नव्हता. धनाजीनं त्याची गळपट्टी सोडली. राग मात्र जागचा हलला नाही. त्याला आता दुसरा धनी शोधायचा होता.

४

दुसरा धनी गावानं आधीच शोधून ठेवला होता. पारावर ज्याच्या त्याच्या तोंडी अश्फाकचं नाव. कॉम्प्युटरचं कळतंय कुणाला? त्यालाच. रेकॉर्डिंग कोण करायचं? तोच. पुण्यतिथीच्या स्पीकरचं काम कमिटीनं त्याच्याकडून काढून घेतलंसुद्धा. नीट कारण कुणी सांगितलं नाही, आणि न सांगितलेलं कारण सगळ्यांना कळलं होतं.

धनाजी दुकानात शिरला तेव्हा अश्फाक एका कर्ण्याचं तोंड खोलून बसला होता. जुने स्पीकरवाले बादशहाभाई, त्यांचा हा नातू लहानपणापासून महाराजांच्या मांडवात वावरलेला. वर न बघता म्हणाला, "या. तुमचीच वाट बघत हुतो. मारायचं का इचारायचं?"

धनाजी दारातच उभा राहिला.

"मग मीच सांगतो," अश्फाक म्हणाला. "चॅनलचा पासवर्ड माझ्या ह्या फोनात हाय. कीर्तनं चढवायचो तर मीच. मला पुसायची असती, तर घरात बसून, च्या पीत पीत पुसली असती. तुमच्या घरी येऊन, गाव म्हणतंय तसं जमिनीवर बसून, मावशींच्या परसाकडं कान ठिवून कशाला पुसू? ज्याच्याकडं किल्ली हाय त्यो कौलं काढून आत शिरतोय व्हय?"

हे बिनतोड होतं. धनाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अश्फाकजवळ मूळ रेकॉर्डिंगं तरी असतील का, असं त्यानं विचारलं. नव्हती. कार्ड पुसायचं आणि पुढचं कीर्तन घ्यायचं, अशीच रीत होती.

धनाजी उठला, तसा अश्फाक पहिल्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला.

"एक गोष्ट हाय, धनाजीभाऊ. ह्याच्याशी तिचा संबंध असंल, नसंल. पर महाराजांनी मला शपथ घातलीया. मेलेल्या माणसाची शपथ मी मोडणार न्हाई. पयलं तुमाला ठाऊक झालं, आन् मग मला इचारलं, तर व्हय का न्हाई एवढंच सांगीन."

बाकी काही केल्या तो बोलेना. रस्त्यावर येईतो धनाजीच्या मनात दोन साप वळवळत होते. एक सूडाचा, तो ओळखीचा होता. दुसरा भीतीचा. वडिलांनी शपथ घालून दडवावं असं होतं तरी काय?

तेवढ्यात अर्फाचा फोन आला. बरीचशी कीर्तनं परत मिळाली होती. "पण आनंद करू नका एवढ्यात," ती म्हणाली. "इकडं या. तुमचा चोर आधी ऐकत बसला होता."

५

माधवनगरच्या क्लासात पोरं टायपिंग करत होती. अर्फानं धनाजीला आतल्या खोलीत नेलं.

तिनं समजावलं ते असं. कॉम्प्युटरवरच्या प्लेअरला एक सवय असते. व्हिडिओ जिथं सोडला ती जागा तो ध्यानात ठेवतो, आणि पुढच्या वेळी विचारतो, तिथूनच पुढं लावू का. परत मिळालेली कीर्तनं तिनं जुन्या जागी ठेवून एकेक उघडली. प्लेअर प्रत्येक वेळी विचारत होता. म्हणजे पुसणाऱ्यानं पुसण्याआधी एकामागून एक कीर्तन लावलं होतं आणि प्रत्येक वेळी मधेच कुठंतरी सोडलं होतं.

"ज्याला नुसतं मोडायचंय तो मोडून पळतो," अर्फा म्हणाली. "हा माणूस काहीतरी शोधत होता. आता ऐका, कुठं थांबलाय."

तिनं पहिलं लावलं, सोडलेल्या जागेच्या जरा आधीपासून. महाराजांचा आवाज खोलीत भरला. दृष्टांत ओळखीचा होता, कोडबुवाचा. एका भोळ्या बुवाला फोन येतो, मी बँकेचा साहेब बोलतो, तुमच्या मोबाइलवर कोड आलाय तेवढा सांगा. बुवा चष्मा लावून, घसा खाकरून, अभंगाच्या चालीवर एकेक आकडा गाऊन दाखवतो. मग बुवाचं व्हॉट्सअॅप चोरांच्या हाती जातं आणि बायकांच्या हरिपाठाच्या ग्रुपवर बुवाच्या नावानं नको नको ते फोटो येऊन पडतात. मांडव लोटपोट. धनाजीही सवयीनं हसला.

दुसरं कीर्तन. कोडबुवा. तिसरं. कोडबुवा, या खेपेला नाकातून गाणारा. पुढचं. त्यात बुवाची बायको त्याला लाटणं घेऊन मारते. जिथं जिथं प्लेअर थांबला होता, तिथं दृष्टांत संपत होता आणि हसू टिपेला पोचलेलं होतं.

धनाजीचं हसू कधी थांबलं ते त्यालाही कळलं नाही.

"कोडबुवा कोण?" अर्फानं विचारलं.

आबांनी नाव कधी घेतलं नव्हतं. फक्त सांगताना पेटीकडं बघायचे. गावाला तेवढं पुरे होतं. नाथाजीकाकांना लोक कोडबुवाच म्हणायचे, प्रेमानं, असंच धनाजी आजवर समजत आला होता.

अर्फानं टेबलावरचा कीबोर्ड काढला, खाली सतरंजीवर ठेवला आणि स्वतः मांडी घालून बसली. उजवा हात पट्ट्यांवर. डावा हात बाजूला, माऊसवर, पुढं-मागं.

"खिडकीतून दिसू नये म्हणून नव्हे, दादा. कीर्तनकार उभा असतो. स्पीकरवाला खुर्चीत. कुठलंही वाद्य पुढ्यात आलं की जमिनीवर बसणारा, उजव्या हातानं पट्ट्या नि डाव्या हातानं भाता धरणारा तिघांत एकच आहे."

"नाथाजीकाका," धनाजी म्हणाला. महाराजांच्या तिरडीला खांदा देताना जो माणूस पोरासारखा रडला, त्यानं हे करावं? आणि एवढ्याशा थट्टेपायी?

"थट्टेपायी नसावं," अर्फा म्हणाली. "मला ही गोष्टच खोटी वाटते. व्हॉट्सअॅपचा हा कोड बँकेचा साहेब बनून फारसं कुणी मागत नाही. मागणारा नंबर ओळखीचा असतो, कारण तो आधीच चोरांनी बळकावलेला असतो. एक पडला की त्याच्या तोंडानं दुसऱ्याला बोलावतात. हे बघा, मिळालेल्यातलं सगळ्यात जुनं कीर्तन."

त्यात महाराजांनी दृष्टांत बहुधा पहिल्यांदाच सांगितला असावा. तो बसलेला नव्हता, शब्द चाचपत होते. आणि त्यात बँकेचा साहेब नव्हताच. महाराज म्हणाले होते, "मागणारा असा, की ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई." एवढं बोलून ते अडखळले, आणि घाईघाईनं पुढं गेले.

"नाथाजींना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं?" अर्फानं विचारलं.

उत्तर द्यायच्या ऐवजी धनाजीनं अश्फाकला फोन लावला.

"आबांचं व्हॉट्सअॅप आधी गेलं हुतं. व्हय का न्हाई?"

पलीकडं कर्ण्याची खरखर बंद झाली. मग अश्फाक म्हणाला, "व्हय." आणि एकदा बांध फुटला तसं बाकीचंही आलं. 'कीर्तनरत्न पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे,' असा मेसेज होता. महाराजांनी दाबला, कोड आला, तो दिला. त्यांच्या नंबरवरून सगळ्या टाळकऱ्यांना मेसेज गेला, एक कोड आलाय तो पाठव. टाळकऱ्यांनी दुर्लक्ष केलं. नाथाजींनी गुरूची आज्ञा म्हणून पाठवला. दुरुस्तीला महाराजांचा फोन अश्फाकच्याच दुकानात आला होता, शपथ तेव्हाचीच.

६

पाटणच्या घरात नाथाजी एकटेच होते. दार उघडून त्यांनी धनाजीकडं आणि मागं उभ्या अर्फाकडं बघितलं, आणि आत पाट मांडले. नाकारलं काहीच नाही.

"मी एकच काढाय आलो हुतो," ते म्हणाले. "पुण्यतिथीला त्या दृष्टांताचं कीर्तन पडद्यावर लावणार म्हणून कळलं. म्हटलं, तेवढं एक काढावं. पासवर्ड चुकला, खूण आली. वैनींना इचारलं. त्या म्हणाल्या, सांगायचा न्हाई. मला वाटलं झिडकारलं. तर त्या म्हणाल्या, भावजी, त्योच टाका. आन् दार लोटून घेतलं."

धनाजीनं अर्फाकडं बघितलं. आईनं सांगितलं होतं, मला कुणी विचारलं नाही.

"एक लावलं, त्यात दृष्टांत. म्हटलं ह्येच ते. पुसलं. मनात आलं, दुसऱ्यात असंल का? त्यात बी. तिसऱ्यात बी. मी पेटीवर असायचो रं, पर खाली मान घालून असायचो. किती येळा सांगितला ते कवा मोजलंच न्हवतं. त्या दिवशी कळलं. गावोगाव, मी शेजारी सूर धरून बसलेलो, आन् त्यो मलाच इकतोय. नवी फोडणी घालून. माझ्या बायकोला बी त्यात घेतलं. ती त्या हरिपाठाच्या ग्रुपात हुती. त्या दिवसापासनं देवळाची पायरी चढली न्हाई, तशीच गेली. मग मी थांबलो न्हाई. पुसत गेलो, चॅनल बी तितंच उघडं हुतं, त्यातलं बी. आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लय आनंद झाला."

धनाजी त्यांना मारायला आला होता. मुठी अजून वळलेल्या होत्या, पण त्या आता कुणासाठी आहेत हे त्याला समजेना. त्यानं विचारलं, काका, तवाच का न्हाई बोललात, कोड आबांनीच मागितला म्हणून?

"गुरूचं नाव कसं घेऊ? त्यानं घ्यायचं हुतं."

अर्फानं मग कीर्तनं परत मिळाल्याचं सांगितलं. नाथाजींचा चेहरा राखेसारखा झाला. ती म्हणाली, दृष्टांताचा तुकडा प्रत्येक कीर्तनातून कापून देते, कुणाला कळणारही नाही.

"कापून काय हुतंय, पोरी?" नाथाजी म्हणाले. "लोकांच्या तोंडातनं काप."

घरी आल्यावर धनाजी आईपुढं जाऊन बसला. रंगुबाईंनी त्याला काही विचारू दिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की मला वाटलं, एकच काढंल. रोज तो दृष्टांत आला की त्या उलथनं आपटायच्या, तेवढं ऐकू येऊ नये म्हणून. मालकांचा आवाज हवा होता, तेवढा भाग नको होता. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडचं होतं, त्याला त्या काय करणार?

"पुरस्काराचं तुला ठावं हुतं?"

"मीच म्हटलं हुतं, दाबा," रंगुबाई म्हणाल्या. "शाल मिळंल, म्हटलं."

७

पुण्यतिथीला मांडव भरला. स्पीकर अश्फाकचेच होते. धनाजी कमिटीपुढं जाऊन एवढंच म्हणाला होता की अश्फाक नसेल तर माझ्या बापाची पुण्यतिथी मी घरात करतो. पेटीवर नाथाजी होते, स्वतःची पेटी घेऊन. ते आले, याचं गावाला विशेष वाटलं नाही. महाराजांच्या प्रत्येक कीर्तनाला असणारा माणूस, कोडबुवा, आलाच असणार.

चोराचं नाव आज गादीवरून घेणार, ही धनाजीची प्रतिज्ञा मात्र सगळीकडं पोचली होती. जयराजचं कीर्तन दृष्टांताच्या ठिकाणी आलं, आणि ठरल्याप्रमाणे तो बाजूला झाला. धनाजी उभा राहिला. त्याला कीर्तन येत नव्हतं.

त्यानं सुरुवात केली ती वडिलांच्याच ढंगात. एक कीर्तनकार होता. साऱ्या गावाला शहाणं करायचा, हे दाबू नगा, ते उचलू नगा. एकदा त्याला मेसेज आला, तुम्ही रत्न आहात. रत्न म्हटल्यावर कीर्तनकार विरघळला. शाल कुठल्या रंगाची घ्यावी यावर बायकोशी भांडला, फोटोसाठी मिशीला तेल लावलं, सत्काराचं भाषण आरशापुढं म्हणून बघितलं, आणि मग मोठ्या नम्रपणानं चोराला कोड दिला. मांडव खदखदून हसला. पुढच्या रांगेतले म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. असा दृष्टांत वर्षभरात कुणी ऐकला नव्हता.

धनाजी हसू ओसरेपर्यंत थांबला.

"त्या कीर्तनकाराचं नाव सिद्धू महाराज. माझा बाप," तो म्हणाला. "मग चोरांनी बापाच्या तोंडानं कोड मागितला. गुरूनं मागितलं म्हणून एकट्या नाथाजीकाकांनी दिला. माझ्या बापाला ह्ये ठावं हुतं. तरी त्यानं आपली गोष्ट काकांच्या अंगावर घातली आन् तुमाला हसवलं. तुमी हसला. मी बी हसलो. कीर्तनं पुसणाराचं नाव मी आज घेणार हुतो. ज्यानं ही गोष्ट पुसाय लावली त्याचं घेतलं."

टाचणी पडली तर ऐकू यावी, असा मांडव झाला. बायकांच्या बाजूला रंगुबाई पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या. मेलेल्या बापाला भरल्या मांडवात उघडं करणारा लेक गावानं पाहिला नव्हता, आणि माना खाली गेल्या त्या त्याच्यामुळं की स्वतःमुळं, हे कुणी सांगावं? नाथाजींनी मान वर केली नाही. फक्त सूर दिला. जयराजनं तो उचलला आणि कसंबसं कीर्तन तडीस नेलं.

आरती झाली. माणसं पाया पडून, बुक्का लावून निघाली. नेहमीपेक्षा गुमान निघाली. अर्फा वायरी गुंडाळणाऱ्या अश्फाकला मदत करत होती. धनाजी पेटीपाशी गेला आणि नाथाजींच्या पायाशी वाकला. त्यांनी पाय आखडून घेतले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. पेटीच्या पट्ट्या पुसून त्यांनी झाकण लावलं. "जयराजचं फुडचं कीर्तन कुठं हाय?"

"पलूसला, काका."

"तितं बी सांग."

धनाजीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. नाथाजी उठले, पेटी काखेला मारली, आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून, अगदी हळू, सूर धरल्यासारखं म्हणाले,

"मग ताकारीला सांग. मग पाटणला, माझ्या गल्लीत. तुज्या बापानं माझा दृष्टांत एकदाच सांगितला न्हवता."

"सांगतो," धनाजी म्हणाला.

नाथाजी मांडवातून चालू लागले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. ते कुणाकडं न बघता, पेटी सांभाळत, एसटीच्या थांब्याकडं गेले.